रेड्याचा पाव तास

बाणकोटच्या खाडीपासून थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत पसरलेल्या आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात त्या काळी वाफेचं टर्बाइन एकच होतं, आणि ते माझ्या भाऊजींच्या डोक्यात होतं. ते कधी बंद पडल्याचं मी तरी पाहिलं नाही. पंगतीत ताक वाढणाऱ्याला ‘पुरे’ म्हणायचं विसरून ते वाहत्या द्रोणाकडे टक लावून बसले, की समजावं, वाफ आत शिरली आहे. संकल्प सोडताना गुरुजींनी ‘मम म्हणा’ म्हटलं, की हे ‘दाब किती?’ असं विचारून मोकळे होत. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, हे यजमान. गावातल्या एका शाळेत गणिताचे मास्तर. तरुणपणी मुंबईला इंजिनिअर व्हायला म्हणून गेले होते. पण पहिलं वर्ष पुरं होतं न होतं तोच वडील वारले आणि घर सांभाळायला परत यावं लागलं. टर्बाइनचा धडा दुसऱ्या वर्षाला होता. माणसं जन्मभर कशाकशाची हळहळ करतात, भाऊजींनी त्या दुसऱ्या वर्षाची केली. येताना त्या वर्षाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक तेवढं ट्रंकेत टाकून आणलं, आणि पुढचं सारं आयुष्य ते दुसरं वर्ष घरच्या पडवीत बसून पुरं करत राहिले. प्रत्यक्ष टर्बाइन त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्याचं त्यांना काही वाटतही नसे. ‘अरे, देव तरी कुणी पाहिलाय? म्हणून पूजा अडते काय?’ असं मलाच उलट विचारत.

ज्याला वेळ नाही अशा माणसाला गाठून टर्बाइन समजावून सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. मी बंदरावरच्या कचेरीत कारकून. सकाळी जेवून घाईघाईने निघालो, की हे वाटेत छत्री आडवी धरून उभे. ‘नीट ऐक हां. कढत वाफ आत शिरते, चाकाचे पंखे ढकलते, ढकलता ढकलता गार होते आणि बाहेर पडते. आत जाताना तिच्यात उष्णता किती होती आणि बाहेर पडताना किती उरली, एवढंच बघायचं. मधे जी तूट आली तेवढं काम झालं. मिनिटाला किती वाफ गेली, त्यानं गुणलं की शक्ती आली. संपलं!’ ते ‘संपलं’ म्हणत आणि तिथून खरं सुरू होई. तूट हा शब्द तर त्यांच्या इतका लाडका, की त्याचा दुसरा काही अर्थ जगात असेल हे त्यांच्या ध्यानातच राहत नसे. बाजारातले एक मिठाचे व्यापारी एकदा रडकुंडीला येऊन म्हणाले, ‘मास्तर, यंदा फार मोठी तूट आली हो.’ भाऊजी आनंदाने त्यांचा हात धरून म्हणाले, ‘वा! म्हणजे काम झालं!’ त्या दुकानाची पायरी अक्काने पुढे कधी चढली नाही. मीठ आणायला मला पाठवायची.

अक्का मराठी चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजीचा गंध नव्हता. पण पुस्तकाच्या शेवटी वाफेची कोष्टकं होती, त्यांतला बारीक टाइप भाऊजींना दिसेना, म्हणून त्यांनी तिला इंग्रजी आकडे तेवढे शिकवले होते. पडवीच्या पांढऱ्या भिंतीवर ते कोळशाने गणित मांडत, आणि ती खाली बसून एका हाताने सुपातले खडे वेचत, दुसऱ्या हाताच्या बोटाने कोष्टकाची ओळ धरून आकडे सांगे. ‘दोनशे पौंड दाबाला?’ असं भिंतीकडून आलं, की सुपाकडून उत्तर जाई, ‘अकराशे अठ्ठ्याण्णव.’ पुढे पुढे तिला कोष्टक बघावंच लागेना. विष्णुसहस्रनामाच्या चालीवर ती सगळं पाठ म्हणायची. बाहेर पडणाऱ्या वाफेचा आकडा मात्र काढावा लागे, आणि तो आठशे बासष्ट आला, की दोघंही एकदम म्हणत, ‘तीनशे छत्तीस!’ तेवढी तूट, तेवढं काम. बाकीचं सगळं गार पाण्यात जिरून फुकट. शेजारपाजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. ‘जळलं मेलं तें टर्बाइन,’ अक्का त्यांच्यादेखत म्हणायची, पण दिवाळीला भिंतींना सफेदी द्यायची वेळ आली, की पडवीची तेवढी भिंत सोडून द्यायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या घरात जो काही गलबला होता तो त्या भिंतीवर होता.

ज्या यंत्रात चाक सरळ फिरत नाही त्याला भाऊजी यंत्र मानायला तयार नसत. मुंबईच्या आगबोटीचं इंजिन दट्ट्याचं, म्हणून तिच्याशी त्यांचं उभं वैर. कुणाला पोचवायला बंदरावर आले, की आगबोटीकडे नेणाऱ्या पडावात बसलेल्या उतारूंना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू होत. ‘दट्ट्या वर, दट्ट्या खाली. दर फेऱ्याला थांबायचं आणि उलटं फिरायचं. अशानं ते इंजिन कुठवर जाणार सांगा?’ एक म्हातारी मुलाकडे निघाली होती. तिने हे ऐकलं, गाठोडं उचललं आणि पडाव सुटायच्या आत धक्क्यावर उडी टाकून घरची वाट धरली. मला वरिष्ठांची बोलणी खावी लागली. भाऊजींना मात्र त्या म्हातारीचं कौतुक. ‘एवढ्या लोकांत तिला एकटीला कळलं,’ म्हणाले.

पण रेड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय भाऊजी काय होते ते कळायचं नाही. पुस्तकात शक्ती घोड्यांत मोजलेली होती. ते भाऊजींना पटेना. ‘आपल्याकडे घोडा आहे कुठं? नवरदेवाला बसायला मिळाला तर मिळाला. ज्या जनावराला कुणी काम करताना बघितलेलं नाही, त्याच्यात मोजून लोकांना कळणार काय, कपाळ?’ शेजारच्या आगरात माडांना आणि पोफळींना पाणी द्यायला रहाट होता आणि त्याला एक रेडा जुंपलेला असे. भाऊजींनी त्याची निवड केली. रोज शाळेत जाण्याआधी ते घड्याळ घेऊन त्या विहिरीच्या काठावर उभे राहू लागले. एका लोट्यात पाणी किती मावतं, विहीर किती खोल, मिनिटाला किती लोटे वर येतात, सगळं टिपलं. रेडा म्हातारा आणि मोठा धोरणी. कुणी बघतंय असं वाटलं की चाल मंद करायचा. रहाटावरचा गडी शेवटी कंटाळून म्हणाला, ‘मास्तरानू, रेड्याला पन इचारून बघा, तो काय म्हनतो तो.’ रेडा काय म्हणाला ठाऊक नाही, पण घोड्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा भरला. त्याहून दांडगे रेडे गावात पुष्कळ होते, ते दाखवून आम्ही वाद घातला. भाऊजी बधले नाहीत. एकदा मोजला म्हणजे मोजला. तेव्हापासून आमच्या घरातली सगळी शक्ती त्या एका रेड्यात मोजली जाऊ लागली. भाताची गिरणी अमुक रेडे, खाडीची भरती तमुक रेडे. शाळा तपासायला आलेल्या साहेबाचं भाषण एक अष्टमांश रेडा. आणि शंभर घोड्यांचं टर्बाइन म्हणजे अर्थातच तीनशे रेडे.

गावात विजेचे दिवे आणायचं बोलणं निघालं तेव्हा भाऊजींना वाटलं, आपला जन्म याच दिवसासाठी होता. देवळाच्या सभामंडपात सगळी प्रतिष्ठित मंडळी जमली होती. भाऊजी उठले. अंगात धुवट कोट, डोक्याला पगडी, मागे अक्काने दाराआडून धरलेला जीव मुठीत. त्यांनी वाफेचा दाब सांगितला, तूट सांगितली, आणि शेवटी आवाज चढवून म्हणाले, ‘तात्पर्य, या गावाला तीनशे रेड्यांचं टर्बाइन पुरे होईल.’ मग पुढे बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘मास्तर, तीनशे रेडे बांधायचे कुठं?’ दुसरे म्हणाले, ‘बांधू कुठंतरी, पण वैरण?’ त्यानंतरची सगळी सभा वैरणीवर झाली. घरी येताना मी हसू दाबत होतो आणि अक्का डोळे पुसत होती. भाऊजी तेवढे खुशीत होते. ‘लोक विचारात पडले खरे,’ म्हणाले.

त्या दिव्यांच्या कामी सल्ला द्यायला मुंबईच्या एका गिरणीच्या वीजघरातले इंजिनिअर गावात आले होते. चांगला मनमिळाऊ गृहस्थ. कुणीतरी गंमत म्हणून त्यांना भाऊजींची भिंत दाखवायला आणलं. ते हसले नाहीत. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत भिंत वाचली, मधे एकदा ‘रेडा म्हणजे काय?’ असं विचारलं, उत्तर ऐकून मान डोलावली आणि म्हणाले, ‘मास्तर, गुणाकार-भागाकारात कुठं चूक नाही. पण तुम्ही एकदा चालतं टर्बाइन बघा. मुंबईला या, मी दाखवतो.’ दिव्यांसाठी शेवटी तेलाचं इंजिन घ्यायचं ठरलं, पण त्या एका वाक्यावर भाऊजी कितीतरी महिने तरंगत होते. अक्का सारखी म्हणायची, ‘जाऊन या हो एकदा. मी काय कुठं पळून जात्येय?’ त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, ‘एवढा हिशोब पुरा होऊ दे. मग दोघंही जाऊ. कोष्टक पाठ असलेली बायको त्यांना तरी कुठं बघायला मिळणार?’ अक्का लाजून आत जायची. हिशोब काही पुरा होत नव्हता. एक शेपूट तोडलं, की भिंतीवर त्याला दुसरं फुटायचं.

मग पाऊस सरून भात पिवळं पडायला लागलं त्या दिवसांत अक्का आजारी पडली. मुदतीचा ताप. डॉक्टर म्हणाले, मुदत पुरी होईपर्यंत जपायचं, याला दुसरं औषध नाही. माझी बायको दोन्ही वेळचं जेवण करून नेई, अक्काला पेज भरवी. पण घरचं पाणी ओढायचं काम भाऊजींवर आलं. आजवर विहिरीत त्यांनी दोर सोडला तो खोली मोजायला. पहिल्याच दिवशी दोन घागरी ओढल्या आणि काठावर बसले. हाताचे तळवे उलटेसुलटे करून बघत होते. मी म्हटलं, ‘काय झालं?’ ते म्हणाले, ‘अरे, रेड्याचं काढलं, आगबोटीचं काढलं, समुद्राचं काढलं. हिचं काढायचं राहूनच गेलं की!’ तसेच ओल्या धोतराने आत गेले आणि अक्काच्या अंथरुणाशी बसून म्हणाले, ‘ऐक. आता टर्बाइन बाजूला. तुझं काम काढतो.’

अक्काच्या सुकलेल्या तोंडावर इतकी तकाकी मी त्या आजारात दुसऱ्या कशाने आलेली पाहिली नाही. तिला लाजही वाटली आणि बरंही वाटलं. ज्या भिंतीसाठी तिने उभा जन्म आकडे वाचले होते त्या भिंतीवर आता तिचं नाव लागणार होतं. ताप थोडा उतरला की क्षीण आवाजात विचारी, ‘झालं काय हो माझं?’ भाऊजी पडवीतून ओरडत, ‘होतंय, होतंय.’ रोज किती घागरी पाणी लागतं, जात्याचा खुंटा किती जोराने ढकलावा लागतो, उखळात मुसळ किती वर उचलावं लागतं, ते माझ्या बायकोला विचारून, स्वतः करून बघून, त्यांनी सगळं मोजलं. खरं सांगतो, मलाही उत्सुकता लागली होती. तिला काहीतरी मोठं उत्तर मिळावं असं फार वाटत होतं. डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून मला काही गोष्टी कळल्या होत्या, आणि भाऊजींना कळल्या नव्हत्या असं म्हणवत नाही.

एका दुपारी मी गेलो तेव्हा भाऊजी भिंतीपुढे उभे होते. कोळसा हातात तसाच. चेहरा पडलेला. ‘कुठंतरी चुकतंय,’ म्हणाले. ‘तीनदा केलं. पाव तासच येतो.’ मी विचारलं, ‘कशाचा पाव तास?’ ‘रेड्याचा. ही सबंध दिवसात जेवढं काम करते, तेवढं रेडा पाव तासात करतो.’ मी त्यांना बाजूला ओढलं आणि हळूच म्हटलं, ‘भाऊजी, तिला वाढवून सांगा. दोन रेडे सांगा, चार सांगा. कोण तपासायला बसलंय?’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जसं मी काही अभद्रच बोललो. ‘उत्तर वाढवून सांगायचं? तिला?’ म्हणाले. ‘तिला आकडा कळतो रे.’ तेवढ्यात आतून अक्काचा आवाज आला, ‘आलं वाटतं उत्तर.’

ते आत गेले. मीही मागोमाग गेलो. भाऊजी तिच्या उशाशी बसले, घसा साफ केला आणि शाळेत निकाल वाचावा तसं सांगून टाकलं, ‘पाव तास आला.’ अक्काने विचारलं, ‘कुणाचा?’ ‘रेड्याचा.’ ती हसली. अगदी मनापासून हसली, आणि त्या हसण्याने तिला धाप लागली. मी पाणी दिलं. घोट घेऊन, मग यांच्याकडे वळून, जराही राग न धरता, एखादा राहिलेला आकडा विचारावा तसं तिने विचारलं, ‘मग उरलेला दिवस मी काय करत होत्ये हो?’

भाऊजी तिचा हात हातात घेऊन बसून राहिले. मला त्या घटकेला त्या माणसाचा असा संताप आला, की उठून बाहेर गेलो. मरणाच्या दारात असलेल्या बायकोला पाव तास सांगणारा हा कसला नवरा, असं वाटलं. आज तसं वाटत नाही. खोटं सांगितलं असतं तर तिने ते ओळखलं असतं, आणि मग तिला सोबत कुणाची राहिली असती? त्यानंतर तिची शुद्ध येत-जात राहिली. ताप मुदतीआधीच तिला घेऊन गेला.

दिवसकार्य झालं आणि भाऊजी पुन्हा भिंतीशी उभे राहिले. मला वाटलं, बरं झालं, टर्बाइनमध्ये मन रमेल. जवळ जाऊन बघतो तर टर्बाइन नव्हतं. त्यांनी अक्काचं गणित पुन्हा मांडलं होतं. उरलेला दिवस शोधत होते. घाटी चढून देवळात जाणं धरलं, सरपणाची मोळी धरली, शेणाची पाटी धरली, गणपतीतल्या नारळांच्या गोणी धरल्या. उत्तर अर्ध्या तासापुढे जाईना. ‘शास्त्रच असं आहे रे,’ मला म्हणाले. ‘वजन वर उचललं तर काम. विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंतचं अंगणातलं खळं सपाट आहे. सपाटीवर भरली घागर दिवसभर नेली तरी काम शून्य.’ मी म्हटलं, ‘असं कसं?’ ‘मीही तेच म्हणतो,’ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून खांद्यावर भरली घागर घेऊन त्या सपाट खळ्यात विहिरीपासून दारापर्यंत आणि दारापासून विहिरीपर्यंत फेऱ्या मारू लागले. मास्तरांचं डोकं फिरलं असं गावाने ठरवून टाकलं. चार-आठ दिवसांनी कंबर धरून पडवीत बसले होते, तिथे मी गेलो. ‘दुखते रे,’ म्हणाले, ‘फार दुखते. पण उत्तर शून्यच.’ मग बोटांवर मोजत एकेक सांगू लागले. ‘चुलीपुढं बसणं, शून्य. सुपातले खडे वेचत आकडे सांगणं, शून्य. आजारी सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसणं, शून्य. मी शाळेतून यायला उशीर केला तर न जेवता थांबणं, शून्य. एवढी शून्यं मिळवली तरी शून्यच होतं,’ म्हणाले आणि माझ्यादेखत पोरासारखे रडले. मीही रडलो.

पुढे गावात तेलाच्या इंजिनावर दिवे आले. सगळं गाव माना वर करून बघत होतं, भाऊजी खाली बघून चालत. शाळेतून निवृत्त झाले. भिंतीवर नवीन काही लिहीत नव्हते, जुनं पुसत नव्हते. मला वाटायला लागलं, हा माणूस असाच बसल्या बसल्या संपणार. शेवटी त्या मुंबईच्या इंजिनिअरांना मीच पत्र टाकलं, आठ दिवसांची रजा काढली आणि भाऊजींना जवळजवळ हाताला धरून आगबोटीत बसवलं. ‘आता बघून काय करू?’ एवढंच म्हणाले. सगळ्या प्रवासात दट्ट्याच्या इंजिनाबद्दल एक वाईट शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, यावरून त्यांची अवस्था ध्यानात यावी.

वीजघरात शिरलो आणि मी खरं तर हिरमुसलो. एवढ्या जन्माच्या ध्यासाचं ते दैवत म्हणजे पालथ्या घातलेल्या होडीएवढं एक लोखंडी कवच. चाक नाही दिसत, पंखे नाहीत, वाफ नाही. नुसती एक घुमणारी गुणगुण. भाऊजी त्या कवचाजवळ हात जोडल्यासारखे उभे राहिले. गिरणीची दुपारची सुट्टी झाली होती. इंजिनिअर म्हणाले, ‘मास्तर, जरा चुकीच्या वेळी आलात. माग बंद आहेत. आत्ता भार नाही, नुसतंच फिरतंय.’

भाऊजींनी मान वर केली. ‘भार अजिबात नाही?’

‘नाही. शून्य.’

‘म्हणजे काम शून्य.’

‘शून्य.’

भाऊजी वाफ मोजणाऱ्या काट्याकडे बघत होते. ‘मग ही वाफ कुठं जातेय?’

‘फिरायला लागते ना,’ इंजिनिअर म्हणाले. ‘नुसतं फिरतं राहायलाच पूर्ण भाराला लागणाऱ्या वाफेचा आठवा-दहावा हिस्सा जातो. काही उचलो न उचलो, तेवढी वाफ जायचीच.’

‘बंद का करत नाही मग?’

‘बंद केलं की गार पडतं. पुन्हा तापवून वेगावर आणायचं म्हणजे केवढा वेळ जातो. आणि भार कुठल्या घटकेला मागतील त्याचा नेम नाही. मागितला की तयार असायला हवं. म्हणून फिरत ठेवायचं.’

‘पण पुस्तकात हे... माझ्या पुस्तकात तर कुठं नाही हे.’

‘तुमचं पुस्तक कुठलं? दुसऱ्या वर्षाचं ना?’ इंजिनिअर सहज म्हणाले. ‘हा धडा तिसऱ्या वर्षाला असतो.’

भाऊजींनी त्या गरम कवचावर तळवा टेकला आणि तो हलवेनात. हात भाजेल म्हणून इंजिनिअरांनी तो धरून बाजूला केला, तेव्हा त्यांना कळलं की मास्तर रडताहेत. आतल्या उष्म्याने घेरी आली असेल असं समजून त्यांनी खुर्ची आणवली, पाणी मागवलं. मी खरं काय ते सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर मलाही ते धड सांगता आलं नसतं. परतीच्या आगबोटीवर भाऊजी सबंध वेळ कठड्याला धरून उभे होते. घरी जायची घाई झालेल्या माणसासारखे किनाऱ्याकडे बघत होते.

सकाळी बंदरावर उतरलो. मी पिशव्या घेऊन मागे, आणि हे माझ्या कितीतरी पुढे, त्या वयात जवळजवळ धावत. मी खळ्यात पोचलो तोवर त्यांनी कुलूप काढलं होतं, चपला पडवीत एक इकडे एक तिकडे पडल्या होत्या. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज येत होता. मी दारापर्यंत गेलो. ते चुलीपुढे जमिनीवर बसले होते आणि गार चुलीकडे तोंड करून बोलत होते. ‘तू विचारलं होतंस ना, उरलेला दिवस काय करत होत्ये म्हणून? तू फिरत होतीस. भार नव्हता तेव्हाही फिरत होतीस. मी कुठल्या घटकेला काय मागेन त्याचा नेम नव्हता, म्हणून. काम शून्य असलं तरी त्याला वाफ लागते, अगं. तुझी गेली ती त्यात गेली. मला हे ठाऊकच नव्हतं. हा धडा पुढल्या वर्षाला होता.’

मला त्यांना हाक मारवेना. ते जरा थांबले, हुंकाराची वाट बघावी तसे. मग, वर्गातल्या एखाद्याला कळलेलं नसलं म्हणजे सांगत तसं, सावकाश, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.